पंप वाढवा

धुळा : म्या येवढंच इचारतुय ताई. वायरिंग माझं हाय म्हणून इंजिन माझ्यामुळंच थांबलं, ह्ये कुणी ठरवलं?

क्रांती : कुणीच ठरवलेलं नाही, धुळामामा. पण दोन दिवसांत तीनदा थांबलं. काल सकाळी एकदा, काल दुपारी एकदा, आणि आज माझ्या डोळ्यांदेखत. टाकी भरलेली आहे. इंजिन कोरं आहे. मग उरलं काय? पेट्रोलचे दोन पंप आणि त्यांची वायरिंग.

धुळा : मलकापुरात हायवेला तीस वर्सं दुकान हाय माझं. ट्रॅक्टर केलं, ट्रक केलं, ऊसतोडीची मशिनं केली, येक बँडची गाडी केली. बँडच्या गाडीला चारशे दिवं हुतं. लग्नाचा शिजन गेला, पर येक दिवा माझ्या हातनं शांत झाला न्हाई.

क्रांती : शांत?

उदयसिंह : गेला म्हणायचंय त्याला. तो 'गेला' म्हणत नाही. धुळा, रिपोर्ट सरळ भाषेत द्यावा.

धुळा : सरळच हाय की आबा. शांत म्हंजे शांत.

क्रांती : आता पावणेतीन वाजलेत. चार वाजता मुंबईचे तपासणीसाहेब येणार. त्यांच्यासमोर ह्या इंजिनानं दोन्ही पंपांवर वीस मिनिटं सलग चालायचंय. चाललं तर ते सही करतील आणि उद्या सकाळी मी हे विमान वर नेईन. नाही चाललं तर पुढची तारीख आठ महिन्यांनी. लायसन काढून सहा वर्षं झाली मला. सहा वर्षं लोकांच्या विमानात बसून लोकांच्या पोरांना शिकवलं. आपलं म्हणून एक आहे, ते पोल्ट्रीच्या शेडात उभं आहे.

उदयसिंह : आठ महिने काही फार नाहीत तसे. मधे पावसाळा जाईल.

क्रांती : आबा, हे तुम्ही बोलताय? चार वर्षं पेट्यांमधनं सुटे भाग काढून हे तुम्ही जोडलंय.

उदयसिंह : मी जनरल बोललो.

धुळा : आबांचं खरं हाय. पावसाळा गेला की अंजनावैनींच्या कुरडया तरी वाचतील. तीनदा पंखा फिरला आन् तीनदा उडाल्या. आज सकाळी तर दोन-चार त्या मुंबईवाल्या जोतिबाच्या बंद घराच्या कौलावर जाऊन बसल्यात.

क्रांती : आईला मी सांगितलं होतं शेपटीमागं वाळत घालू नकोस म्हणून.

उदयसिंह : ती म्हणाली, आधी कुरडया वाळत होत्या, विमान मागनं आलं.

क्रांती : कुरडया राहू दे. मामा, दिव्यांचं सांगा. परत उलटे नाही ना जोडले?

धुळा : परत म्हंजे? येकदाच जोडलं हुतं. त्येबी तुमी बोलला तवा लगेच सुलटं केलं.

क्रांती : दोन पंप, दोन तांबडे दिवे. पंपाचं प्रेशर पडलं की त्याचा दिवा लागायला पाहिजे. सगळं नीट असेल तर दिवा नाही. इतकं साधं. आणि तुम्ही पहिल्यांदा जोडलेत तेव्हा सगळं नीट असताना दोन्ही दिवे ढणाढणा पेटलेले, आणि पंप बंद केला की दिवाही गडप.

धुळा : मंग त्यात वंगाळ काय? बरं चाललंय म्हणूनच दिवा लावत्यात न्हवं? आमच्या म्हसवडला सिद्धनाथाम्होरं जाऊन बगा. घरात दिवा न्हाई म्हंजे समदं झ्याक चाललंय, असं कुणाच्या घरी असतंय सांगा मला.

क्रांती : विमानात असतं.

धुळा : तुमी म्हणला, म्या फिरवलं. मनाला पटलं न्हाई, तरी फिरवलं.

उदयसिंह : फिरवलेलं मी तपासलंय. पुस्तकातलं पान त्रेचाळीस, आकृती सात. तारेचा रंग, तारेचा नंबर, फ्यूजची जागा, सगळं लिस्टप्रमाणे. अठ्ठावीस वर्षं फौजेच्या स्टोअरमध्ये काढलीत मी. लिहिलेलं आणि ठेवलेलं यात एका बोल्टचा फरक पडू दिला नाही.

क्रांती : म्हणजे वायरिंग ठीक, पंप ठीक, दिवे ठीक. आणि इंजिन थांबतं. बरं, आबा, तुम्ही आत बसला होता. तिन्ही वेळा तुम्हीच. मी काल पुण्यात कागदांच्या मागं होते आणि आज बाहेर गेज धरून उभी होते. तुम्ही आत काय काय केलंत ते एकदा पहिल्यापासून सांगा.

उदयसिंह : आत्ता?

क्रांती : आत्ता.

उदयसिंह : शेपटीला ट्रॉलीची साखळी बांधून ती ट्रॅक्टरला जोडली, हे चेक केलं. सीटवर बसलो. पट्टा लावला. पंप एक, वर. पंप दोन, वर. इंजिन स्टार्ट. पाच मिनिटं गरम. मग तू अंगठा दाखवलास, मी फुल रेस केली. मग पंप वाढवले. मग इंजिन थांबलं. ओके रिपोर्ट.

क्रांती : पंप काय केले?

उदयसिंह : वाढवले.

क्रांती : आबा, पंप वाढत नाहीत. त्यांना एकच वेग असतो. चालू नाहीतर बंद.

उदयसिंह : पुस्तकात नसेल. पॅनलवर आहे. वर 'सुरू' आहे, खाली 'वाढवा' आहे. सुरू केले, गरज पडली तसे वाढवले. पंख्याचं बटण असतं तसं.

क्रांती : पॅनलवर कुठं आहे? मी परवा गेले तेव्हा स्विच कोरे होते. बघू. ... हे कुणी लावलं?

धुळा : म्या. कोरं बटण बरं दिसत न्हाई. आमच्या दुकानाशेजारी अमृत नंबरप्लेटीचं रेडियम कापतो, त्येच्याकडनं करून आणलं. अंधारात बी चमकतंय. पैसं घेतलं न्हाईत त्येनं, इमान म्हटल्यावर.

क्रांती : मामा, हे पंप खरंच वाढतात?

धुळा : न वाढायला काय झालं? बटण खाली दाबलं की वाढला.

क्रांती : किती वाढतो?

धुळा : किती म्हंजे? पुरा वाढतो. थोडा वाढला, थोडा ऱ्हायला, असं नसतंय त्यात.

क्रांती : आणि वाढल्यावर प्रेशर किती येतं?

धुळा : वाढल्यावर प्रेशर कसलं येतंय ताई?

उदयसिंह : हेच मी म्हणत होतो. दोन्ही पूर्ण वाढवले, तरी इंजिन थांबलं.

धुळा : वाढवल्यावर थांबायलाच पायजे की वो आबा. न थांबून जातंय कुठं?

क्रांती : एक मिनिट. कुणी बोलू नका.

धुळा : न्हाई बोलत.

क्रांती : मामा. वाढवा म्हणजे काय?

धुळा : वाढवा म्हंजे वाढवा. आता आमची आय, बयाबाई, मेंढरामागं उभा जल्म गेला तिचा, पर तिनं कवा दिवा इझवला म्हटलं न्हाई. दिवा वाढव म्हणायची. बांगडी फुटली न्हाई, वाढली. दुकान बंद न्हाई करायचं, वाढवायचं. ह्यो नारळ आणलाय बगा म्या साहेबांच्या येळंला. ह्यो काय फोडणार हाय व्हय? वाढवणार हाय.

क्रांती : म्हणजे 'पंप वाढवा' म्हणजे...

धुळा : आता त्यो शबुद तोंडानं बोलायला लावू नका. नव्या वस्तूवर 'बंद' कशापायी लिवायचं? अजून येकदा बी उडालं न्हाई त्ये, आन् त्येच्या छातीवर 'बंद'?

क्रांती : अरे देवा. अरे देवा रे. म्हणजे आबा, तुम्ही दोन्ही पंप स्वतःच्या हातानं बंद केलेत. तीन वेळा.

उदयसिंह : असं दिसतंय.

धुळा : आवं पर आबा, पंप वाढवल्यावर दोन्ही तांबडं दिवं लागलं असतील की. तुमाला कळलं न्हाई?

उदयसिंह : काल लागले. मला वाटलं, प्रेशर अजून कमी आहे. म्हणून अजून जोरात दाबून धरले.

क्रांती : अजून जोरात... थांबा, मला बसू द्या. हसून हसून पोटात दुखायला लागलं. कार्बोरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर ते बिचारं दहा-बारा सेकंद चालत राहिलं असणार, आणि तुम्ही वरनं बटणं दाबून धरलेली.

धुळा : पुण्याहून इंजिनियर आणणार हुता तुमी. साऱ्या तारा उपसून काढायच्या म्हणत हुता सकाळी. मला म्हणला, मामा, तुमी ट्रॅक्टरच करत ऱ्हावा.

क्रांती : म्हणाले. चुकलं माझं. लय चुकलं. तुमच्या वायरिंगला नावं ठेवली, आणि भांडण सगळं एका शब्दाचं.

धुळा : न्हाई, तसं म्हणलं तर म्या बी जरा 'शांत' लिवायला पायजे हुतं. पर अमृत म्हणला, श चं रेडियम लय नाजूक, कोपरं सुटत्यात.

क्रांती : शांत नको, शून्य नको. मला तिथं 'बंद' पाहिजे. किंवा इंग्रजीत ऑफ.

धुळा : ऑफ तर मुळीच न्हाई. परवा आमच्या गल्लीतलं बिराप्पाआण्णा गेलं तर पोरं काय म्हणली ठावं हाय? आण्णा ऑफ झालं. येकशेयेक टक्के तेच म्हणली. तुमी त्ये इमानावर लिवणार?

क्रांती : मग 'थांबा'.

उदयसिंह : थांबा कुणी? पंपानं का पायलटनं? आदेश स्पष्ट पाहिजे.

क्रांती : तुम्ही तर आदेशाचं बोलूच नका, आबा.

धुळा : 'विसावा' कसं वाटतंय?

क्रांती : पंपाला विसावा. आणि मुंबईचे साहेब विचारणार, हे हॉटेलचं नाव आहे का म्हणून.

धुळा : मंग 'पुरे' लिवू. जेवणाच्या पंगतीत वाढपी आला, आपलं पोट भरलं, तर आपुन काय म्हणतो? पुरे म्हणतो. त्यात वंगाळ काय न्हाई. पोट भरल्याची खूण हाय ती.

क्रांती : पुरे. सुरू आणि पुरे. बरं दिसेल खरं तर. पण खाली बारीक अक्षरात मी ऑफ लिहिणार. साहेब मराठी असतील-नसतील.

धुळा : बारीक चालंल. बारीक अक्षर देव वाचत न्हाई.

क्रांती : रेडियम आणायला वेळ नाही. आत्ता कागदावर लिहून चिकटपट्टीनं लावू. मामा, लावा. आणि लगेच वीस मिनिटांची पूर्ण टेस्ट घेऊ. साहेबांच्या आधी मला एकदा डोळ्यांनी बघायचंय. आबा, चला, बसा आत.

उदयसिंह : धुळाला बसव.

क्रांती : का?

उदयसिंह : माझा कमरेचा त्रास. पट्ट्यानं दुखतं.

धुळा : म्या? म्या आतनं तारा जोडल्यात ताई, पर इंजिन चालू असताना कवा बसलो न्हाई. ह्ये पळालं म्हंजे?

क्रांती : साखळी आहे ना.

धुळा : साखळी ट्रॉलीची हाय. ट्रॉली उडत न्हाई.

क्रांती : मामा, पंप, इंजिन, रेस सगळं मी लावून देते; तुम्ही दिवे बघायचे, एवढंच काम. तांबडा लागला तर हात वर करायचा. बटणाच्या खालच्या बाजूला बोट लावायचं नाही. आबा, तुम्ही ट्रॅक्टरचा ब्रेक धरा. आई, कुरडया आत घे गं. पंखा सुरू होतोय.

(इंजिन सुरू होतं. वीस मिनिटं कुणाला कुणाचं काही ऐकू येत नाही.)

क्रांती : वीस मिनिटं बारा सेकंद. बघितलंत? गेजचा काटा खिळ्यानं ठोकल्यासारखा होता. एकदाही हलला नाही.

धुळा : झालं का? उतरू का खाली?

क्रांती : उतरा, उतरा. कसं वाटलं?

धुळा : कसं वाटलं त्ये सांगता यायचं न्हाई. डोळं मिटलेलं हुतं.

क्रांती : मामा, तुम्हाला दिवे बघायला बसवलं होतं.

धुळा : मधनं मधनं उघडत हुतो की. येक दिवा लागला न्हाई. लुकलुकला बी न्हाई. आन् लुकलुकंल कसा? काल आबा म्हणलं, फुल रेसला तांबडा दिवा लुकलुकतोय, म्हणून म्या काल सांजचंच त्येची अर्थिंग आवळली. ढिल्ली हुती वाईच. आता काय बी लुकलुकणार न्हाई.

क्रांती : काल संध्याकाळी आवळलीत?

धुळा : व्हय. तुमी पुण्याहून यायच्या आधी. आबांनीच बॅटरी धरली हुती.

क्रांती : म्हणजे आज सकाळी दिवा लुकलुकलेला नाही.

धुळा : कसा लुकलुकंल?

क्रांती : आबा. तुम्ही बटण दाबेपर्यंत दिवा लुकलुकला नाही, प्रेशर पडलं नाही. मी गेज धरून उभी होते. मग आज सकाळी तुम्ही पंप वाढवले कशाला? आणि मघाशी मी आणि मामा इतके हसलो, तुम्ही हसला नाहीत. कमरेचा त्रास तुम्हाला कधीपासून झाला?

धुळा : म्या जरा नारळाची शेंडी बघून येतो.

उदयसिंह : थांब, धुळा. तुझ्यावर आळ आला, तूही ऐक.

क्रांती : बोला, आबा.

उदयसिंह : काल संध्याकाळी गूळ आणायला नाथाजीच्या दुकानी गेलो होतो. तो फळ्या लावत होता. म्हणाला, सुभेदार, दुकान वाढवलं, गूळ उद्या न्या. मी बरं म्हटलं आणि निघालो. दहा पावलं गेलो आणि रस्त्यातच उभा राहिलो. सगळा फॉल्ट जागेवर कळला.

क्रांती : म्हणजे आज सकाळी तुम्हाला माहीत होतं. खाली दाबलं की पंप बंद होणार.

उदयसिंह : होतं. आधीच्या दोन वेळा चूक झाली. तिसऱ्या वेळी चूक नाही.

क्रांती : मी सकाळपासून इंजिनाकडच्या तारा तपासतेय. ह्या माणसाला नाही नाही ते बोलले. आणि तुम्ही माझ्या शेजारी उभं राहून मला मीटर देत होता.

उदयसिंह : मागितलास तसा दिला.

क्रांती : आबा, मी थट्टा करत नाहीये. आठ महिने गेले असते माझे. तुम्हाला माहीत आहे मी कशी थांबलेय ते. दुसरं कुणी असतं तर मी समजून घेतलं असतं. तुम्ही?

उदयसिंह : मला भीती वाटली, क्रांती.

क्रांती : कशाची?

उदयसिंह : चार वर्षं मी लिस्टवर टिक करत आलो. नऊ हजार दोनशे रिवेट. एकेक हातानं मोजून बसवलं. पण ते सगळे पार्ट होते. पार्ट नंबर, नग, जागा. त्यात तू बसणार आहेस, हे मला कुठल्याच टिकला दिसलं नाही. आज सकाळी तू बाहेरून अंगठा दाखवलास. पंख्याच्या वाऱ्यानं केस तोंडावर आलेले आणि तू हसत होतीस. तेव्हा मला एकदम कळलं की हे जाणार. हे वर जाणार, आणि मी खाली ट्रॅक्टरपाशी उभा राहणार. हात चुकून गेला नाही. मी नेला.

क्रांती : मी पहिल्यांदा एकटी वर गेले, तेव्हा तुम्हाला भीती नाही वाटली?

उदयसिंह : तेव्हा मी स्टोअरमध्ये होतो, हजार मैल लांब. तू फोन केलास तो उतरल्यावर. उतरल्यावर सांगितलेलं सोपं असतं. आणि ते विमान मी केलेलं नव्हतं. ह्यात काही झालं, तर ते माझ्या हातचं असेल.

धुळा : आबा, खोटं कशाला बोला, म्या बी भ्यालोय. पुस्तकात पंपाच्या तारंला येक जोड दावलाय. म्या दोन-दोन केल्यात, वरनं सोल्डर, वरनं टेप. फ्यूजचं डबं दोन लिवल्यात, म्या आनखी दोन जादाचं शिटाखाली बांधून ठिवल्यात. ताईंनी बघितलं तर रागं भरतील, म्हणून सांगितलं न्हाई.

क्रांती : मी बघितलेत, मामा. काहीच बोलले नाही.

धुळा : का बरं?

क्रांती : मला बरं वाटलं बघून.

उदयसिंह : धुळा, तुझी माफी मागतो. तुझ्या हातातल्या कामावर मी माझी भीती ढकलली. तीस वर्षांच्या दुकानाला बट्टा लागला असता.

धुळा : माफी कसली मागताय आबा? फकस्त येक करा. मलकापुरात कुणी इचारलं, तर इंजिन शब्दामुळं थांबलं म्हणून सांगा. वायरीमुळं न्हाई.

उदयसिंह : सांगतो. लिहून देतो पाहिजे तर.

धुळा : लिवून नका देऊ. तुमी लिवलेलं कोण कसं वाचंल, काय भरवसा न्हाई.

क्रांती : आबा, मी चिडलेय अजून. ते काही इतक्यात जायचं नाही.

उदयसिंह : ठीक आहे.

क्रांती : आणि उद्या सकाळी मी जाणार आहे. साहेबांनी सही केली तर.

उदयसिंह : मला माहीत आहे.

धुळा : ताई, कॅनॉलच्या रस्त्यानं गाडी येतीया. पांढरी. मुंबईचीच दिसतीया, लय हळू चालवत्यात, खड्ड्याला भ्याल्यात.

क्रांती : आत्ताच? साडेतीनच तर झालेत. मामा, कागदाचं लेबल नीट दाबा, कोपरा उचललाय. आणि शिटाखालचे ते जादा डबे दिसणार नाहीत असे सरकवा.

धुळा : आन् नारळ?

क्रांती : नारळ सही झाल्यावर. तेव्हा वाढवा.

धुळा : तवा वाढवतो.

क्रांती : आबा, तुम्ही आत बसा.

उदयसिंह : मी? नको. धुळा बसेल. मी लांब उभा राहतो.

क्रांती : मामा डोळे मिटून बसतात. आणि मला बाहेर साहेबांच्या शेजारी उभं राहायचंय. तेव्हा आत कोण आहे हे मला माहीत असलं पाहिजे.

उदयसिंह : कोण आहे ते तुला आता चांगलंच माहीत आहे.

क्रांती : म्हणून तर तुम्हाला बसवतेय.

उदयसिंह : क्रांती, वीस मिनिटं असतात. मधेच कुठंतरी मला परत तसंच वाटलं, तर?

क्रांती : तर काचेतून माझ्याकडं बघा, आबा. मीपण भ्यालेलीच असेन.